प्रोफेसर कोंबड्याचा खुराक

१४ ऑक्टोबर १९५९
शाळेतून रिटायर होऊन चार महिने झाले. गावाला माझी गरज आताच आहे. ब्लॉक ऑफिसातले पुस्तक वाचले. यीस्टमध्ये मासळीसारखेच प्रोटीन! माणसांना, कोंबड्यांना, सर्वांना चालते. आणि आमचे लोक दर्यात जीव घालतात. अज्ञान, दुसरे काय! उद्यापासून मासे बंद.

१५ ऑक्टोबर
मालवणच्या पाववाल्याकडचे खमीर गुळाच्या पाण्यात घातले. मडके माजघरात. दुपारी बांगडे खाल्ले. तुलनेसाठी.

१९ ऑक्टोबर
फेस जोरात. बायको नर्मदा म्हणते, "घरात भट्टी लावल्यात की काय? पोलीस इले तर मी तोंड खंय लपवू?" तिला चमचाभर चाखवले. मागीलदारी गेली ती बराच वेळ आली नाही. मी चाखणार होतो, पण घसा बसलाय.

२५ ऑक्टोबर
तांबडा कोंबडा निवडला. नाव प्रोफेसर. खुराक रोज वाटीभर यीस्ट. भरवण्याचे काम नर्मदेचे, नोंदी माझ्या. ६ डिसेंबरला सावंतवाडीच्या शेतकी प्रदर्शनात त्याला नेऊन भाषण ठोकणार. सगळी इभ्रत आता या कोंबड्यावर. बांगडे. तुलना चालू.

१५ नोव्हेंबर
प्रोफेसर दोन हातांनी उचलावा लागतो! शेजारच्या गंगाराम खलाशाला सांगितले, जाळी विक, मडकी घे. म्हणाला, "गुरुजी, वयला पाणी माका दिया, गाळ तुमकां ऱ्हवांदे." गाढवाला गुळाची चव काय!

२८ नोव्हेंबर
भाषण तयार, अठरा पाने. मडके आपोआप फुटले. फेसाचा जोर बघा! नर्मदा मुसळ घेऊन जवळच उभी होती, थोडक्यात वाचली.

२९ नोव्हेंबर, दुपारी
कोंबड्याची सागोती आणि वडे. चौथ्या वड्याला विचारले, कोंबडा कुणाचा? प्रोफेसर! नर्मदेने गावच्या राखणदार देवाला नवस बोलला होता, मडके घरातून गेले तर कोंबडा देईन म्हणून. मी ओरडलो, यीस्टवर पोसलेला होता गो तो! ती म्हणाली, "खंयचा यीस्ट? वासानच पळा होतो. ता मी माडाच्या मुळात ओतलंय. तुमी खाल्लेल्या बांगड्यांची टकली खावन वाढलो तो."
फार वाईट वाटले. गंगाराम पंगतीला होता. हसला नाही. उलट आपल्या पानातली तंगडी माझ्या पानात सरकवली. तेच जास्त लागले.
खाल्ली.