मोटाबापांचे एकशे त्रेचाळीस बल्ब

१२ फेब्रुवारी, सोमवार

नाही, चूक माझी नाही! आणि तू असं कोरं तोंड करून बघू नकोस, वही. खणावर चिठ्ठी लावायला काय झालं होतं? मोटाबापा — वडिलांचे थोरले भाऊ — तीस वर्षं गीरच्या जंगलाजवळ, तालाल्यात, हातातल्या बॅटऱ्या दुरुस्त करतात. एकाही बल्बवर खूण नाही. 'हाताला कळतं,' म्हणे!

ते लग्नाला पोरबंदरला गेलेत. शनिवारी येणार. जाताना म्हणाले, "दुकान आहे तस्सं मिळालं तर वरची खोली तुझी. बस लिहीत. नाहीतर राजकोट, मामाच्या पेढीवर."

खोली हवीच. कादंबरी आहे! प्रत्येक वाक्य वेगळ्या चिठ्ठीवर, चिठ्ठ्या खणांच्या पेटीत. पेटीत बल्ब होते. ते एकशे त्रेचाळीस बल्ब ताटात ओतले. सगळे. एकत्र.

दोन सेलचे, तीनचे, चारचे, पाचचे. सगळे सारखेच दिसतात!!

१३ फेब्रुवारी

नाथाभाई आले, चार सेलची बॅटरी घेऊन. अंदाजाने बल्ब बसवला. बटण दाबलं — फट्! एकदाच लख्ख, मग काही नाही.

"काय रे, सिंहाचा फोटो काढायचाय का मला?" रात्री गव्हाला पाणी द्यायला जातात, वाटेत सिंह बसलेला असतो. दुसरा बसवला. तो काजव्यासारखा.

"छान! म्हणजे मी थेट त्याच्या शेपटीवरच पाय देणार." माझीच बॅटरी उचलून घेऊन गेले.

१४ फेब्रुवारी

पद्धत सापडली. एका सेलपासून सुरुवात, एकेक वाढवायचा, उजेड पांढरा झाला की थांबायचं.

थांबायला उशीर होतो. अकरा गेले.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

लखुबेन! समोरच्या ओट्यावर बसून मण्यांची तोरणं करतात. तीन दिवस माझी फटफट ऐकत होत्या. आज येऊन एक बल्ब उन्हात धरला.

"अरे बी.ए., आत मणी आहे."

"कसला मणी?"

"दोन तारांच्या मध्ये. हा निळा. हा हिरवा. डोळे कॉलेजात ठेवून आलास का?"

खरंच! राईएवढा काचेचा मणी. प्रत्येक रंगाचा एकेक तपासला — पांढरा दोनचा, पिवळा तीनचा, हिरवा चारचा, निळा पाचचा. "ताट दे इकडे," म्हणाल्या आणि घेऊन गेल्या. मी दिवसभर वाक्यं लिहिली. खोलीत टेबल खिडकीशी ठेवणार.

१७ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी दुकानाच्या दाराला तोरण! बल्बांचं! मध्ये हत्ती!

"लखुबेन, हे काय?"

"मणी कधी सुटे ठेवतो का आपण? निवडले की ओवायचे. सुटे ठेवले म्हणून तर मिसळले ना? हत्तीचं पोट चारचं, सोंड पाचची."

"आणि गिऱ्हाईक आलं तर?"

"शेपटीकडून कापायला लाग."

कात्री शोधतोय. मोटाबापांची जीप दुपारी येते. आहे तस्सं!! देवा.

१८ फेब्रुवारी

काल मोटाबापा आले ते थेट तोरणाखाली. एक बल्ब डोळ्याशी नेला, दुसरा नेला. "कोणी केलं?"

खरं सांगून बसलो.

त्यांनी वरच्या खोलीची किल्ली लखुबेनच्या हातात दिली. "बेन, आजपासून बल्ब तुम्ही बघा. वर बसा, उजेड चांगला आहे."

राजकोटची बस हॉर्न देतेय. तू इथेच राहा, वही. एक अक्षर बोलू नकोस — चाललो!