वाणात गेलेली माथेरानची गाडी

शिरगाव, बदलापूर (पूर्व)

राजेंद्रराव व्याही यांना श्यामकांतचा, कंबर परवानगी देईल तितका वाकून नमस्कार. विहीणबाईंचे गुडघे आता जिना चढू देतात का? इकडे प्रतिभा ठणठणीत. मी मात्र महिनाभर दिवाणाखाली शिरून वायरी जोडल्यामुळे अजून सरळ झालेलो नाही. पत्राचं कारण म्हणजे, अधिक महिन्याचं वाण म्हणून दिपेशरावांना दिलेली नॅरोगेज रेल्वे सध्या तुमच्या अंबरनाथच्या घरी आहे. ती बरी आहे ना? (तुम्ही सगळे बरे आहात हे वैष्णवीकडून कळतं. गाडीचं कोणी कळवत नाही.)

झालं असं, की लेकीच्या लग्नानंतरचा हा पहिलाच अधिक महिना. प्रतिभा म्हणाली, जावयाला अंगठी देऊ. मला आठवलं, की दिवाळीत दिपेशराव आमच्या कॅलेंडरावरचा माथेरानच्या गाडीचा फोटो बघून "भारी आहे" म्हणाले होते. (फोटोला म्हणाले की त्याखालच्या जोडून आलेल्या सुट्ट्यांना, हे विचारायचं राहिलं.) तेवढ्यावर मी ठरवलं, की डोंगर-बोगद्यासकट माथेरानची गाडीच द्यायची, घरी बनवून. आनंदनगरच्या कारखान्यातून रिटायर झाल्यापासून दुपार खायला उठते हे खरं, पण त्याचा इथे काही संबंध नाही.

उल्हासनगरला सामान आणायला गेलो. दुकानदार म्हणाला, "साईं, छोटा दूँ या बडा?" मी म्हटलं, अरुंद. त्याने मला बराच वेळ न्याहाळलं आणि एक इंजिन आणि रुळांचं खोकं पुढे सरकवलं. घरी येऊन बघतो तर इंजिन ऐसपैस आणि रूळ बोटभर रुंदीचे! मग दुसरं चिमुकलं इंजिन आणलं आणि त्याच्या चाकांवर मोठ्याचं धड बसवलं. चुकलो म्हणून हळहळत होतो, तोच मोबाईलवर एका गोऱ्या माणसाचा व्हिडिओ लागला. नॅरोगेजची मॉडेलं करणारे म्हणे मुद्दाम असंच करतात. म्हणजे मी चुकलो तेव्हाच बरोबर होतो. तेव्हापासून मी बरोबर असलो की मला काळजी वाटते.

प्लॅटफॉर्मवर उभं करायला माणसं मिळेनात, तेव्हा दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे आणि एक गवळण उभी केली. गवळण इंजिनापेक्षा उंच आहे. तिला गाडीत बसायचं नाही, असं मी धरून चाललो आहे.

खरा घोळ डब्यांचा झाला. प्रतिभा म्हणाली, अधिक महिन्याचं वाण तेहतिसाचं असतं, अनारसे तेहतीस, तर डबेही तेहतीसच हवेत. मी सांगून पाहिलं, की घाटातल्या गाडीला मूठभर डबे असतात. "घाटाचं मला सांगू नका, महिना अधिक आहे," म्हणाली. पुठ्ठ्याचे डबे कापकापून माझी बोटं सोलली. सगळे जोडले, तर दिवाणावरच्या गोल रुळावर इंजिनाचं नाक थेट शेवटच्या डब्याला जाऊन टेकलं. इंजिन मागच्याला ओढतंय आणि पुढच्याला ढकलतंय, आणि पुढचा तोच मागचा! ही गाडी निघाली आहे की पोचली आहे, हे मला आजतागायत कळलेलं नाही. पण फिरत होती, राजेंद्रराव. प्रतिभा दळण आणायला गेली की मी दिवे बंद करून बघत बसायचो.

मग तो दिवस आला. दिपेशराव जेवले, तृप्त झाले. प्रतिभाने इंजिनाला हळदकुंकू लावलं, माझ्याकडून पळीभर पाणी सोडवलं, आणि खाली टेम्पो येऊन उभा राहिला. दान दिलं की वस्तू जाते, हे मला तत्त्वतः ठाऊक होतं. पण डोंगर जिन्यावरून उतरू लागला, तेव्हा मी त्याची मागची कड धरून थेट टेम्पोपर्यंत गेलो. दिपेशराव "कशाला एवढं, बाबा" म्हणाले. तेव्हाच "बरं, राहू द्या" म्हणायला हवं होतं. आता वाण परत मागणं म्हणजे लेकीच्या सासरी नाक कापून घेणं, आणि तसला माणूस मी नाही. गाडी तुमचीच आहे. विषय संपला.

आपला,
श्यामकांत

ता. क. वैष्णवी सांगत होती, की दिपेशरावांनी गाडीला अजून हातही लावलेला नाही. बरं वाटलं, म्हणजे वाईट वाटलं.

ता. क. २. तीच म्हणाली, की दुपारी दार लोटून तुम्ही ती गाडी बोटाने ढकलत असता, आणि चालत का नाही म्हणून चिडता. हे ऐकून मात्र मला तुमच्याविषयी फार आपुलकी वाटली.

ता. क. ३. गाडीला करंट देणारी डबी टेम्पोत चढवायची राहून गेली. (राहून गेली म्हणजे, माझ्या लेंग्याच्या खिशात होती.) कुरियरने पाठवणार नाही, तुटेल. मीच घेऊन येतो, आणि संध्याकाळी परत घेऊन जातो. रोज दुपारी मोकळे असता ना?