गाईपुढं ठेवलेलं पान

तुझा कावळा वेळेवर आला असता तर माझी गाय आज गोठ्यात उभी असती. आधी हे ऐकून घे, बाकीचं मागाहून. सर्वपित्रीला पत्र्यावर दोन पानं ठेवली होती, एक तुझं, एक तुझ्या लेकाचं. त्याच्या पानावर कावळा झटकन बसला. तो बिचारा जिवंतपणीही वाढलेलं मुकाट खायचा. तुझ्या पानाकडे त्याच कावळ्यानं ढुंकून पाहिलं नाही. भात, वडे, खीर, गवारीची भाजी, अळूवडी, तुझा तो काळ्या वाटाण्याचा रस्सा, काही म्हणजे काही ठेवायचं राहिलं नव्हतं. मी मान वर करून तासभर उभी. हात जोडून एकेक कबूल करत गेले. शेत विकू देणार नाही म्हणाले, नातीचं लग्न नीट बघून करीन म्हणाले, तुझी पितळेची घागर मोडीत घातली त्याची माफीसुद्धा मागितली. कावळा शिवेना. घरात सगळे उपाशी. माझ्या मुलाला दुसऱ्या पाळीला अंबरनाथला कंपनीत पोचायचं, तो बूट घालून ओट्यावर बसलेला. म्हणून तुझं पान उतरवलं आणि गाईपुढं नेऊन ठेवलं. कावळा नसेल तर गाय, असं तूच सांगायचीस. तिथून सगळं नासलं.

तर आत्या, मी तुझी सून. आता माझी सून मला अहो आई म्हणते, तुम्ही-आम्ही करते. मी तुला तूच म्हणायची, अजूनही तूच म्हणते. तू गेलीस त्या वयाच्या पुढं मी कधीच निघून गेले. माझी शाळा चौथीपर्यंतची, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. तुला तर तेवढंही येत नव्हतं.

आपलं शेत आता ओळखायची नाहीस. खरवईच्या बाजूनं बिल्डिंगा चढत चढत बांधापर्यंत आल्यात. भात लावायचं बंद झालं, बैल गेले, गोठा रिकामा पडला. रिकामा गोठा म्हणजे लोकांना कचराकुंडी वाटते. पहिल्यांदा एक गाडी बांधावर थांबली, दार उघडलं, एक केसाळ कुत्रा खाली ढकलला आणि गाडी गेली. थंडीच्या मुलखातला कुत्रा, निळ्या डोळ्यांचा, बदलापूरच्या उन्हाळ्यात धापा टाकत गाडीमागं मैलभर पळाला आणि परत येऊन आपल्या फाटकाशी पडला. गळ्यात चांगला पट्टा, अंगावर गोचीड. मग उल्हासनगरचा एक लग्नाच्या घोड्या भाड्यानं देणारा आला. घोडीचा एक डोळा फटाक्यानं गेलेला, खुरं सडलेली. मला म्हणतो, "माताजी, रख लो, पुण्य मिलेगा." मी म्हटलं, एवढं पुण्य आहे तर तूच का नाही घेत घरी. हसला. हसून, दोर माझ्या हातात देऊन गेला. वरातीत तिच्यावर बसलेले नवरदेव सगळे आता पोराबाळांचे बाप झाले असतील, एकाला तरी आठवत असेल का ती? तेव्हापासून येतंच आहे. लंगड्या शेळ्या, पाय बांधून सोडलेलं गाढव, डब्यात भरून आणलेले ससे. नातीनं फळी रंगवून फाटकाला लावली, आश्रयस्थान म्हणून. मी म्हटलं, उकिरडा लिही, लोकांना लवकर कळेल.

मला जनावरांचा उमाळा येतो असं समजू नकोस. कुत्री घाण करतात, घोडी चावते, शेळ्यांनी माझी तुळस तीनदा खाल्ली. पण जनावराची घाण पाणी मारलं की जाते. माणूस जी करतो ती जात नाही. देवळात घंटा वाजवून येतात, कपाळाला गंध, आणि गाडीत मागं पोत्यात मांजरीची पिल्लं. मला ओकारी येते त्यांची.

आणि ती गाय. ती उल्हासनगरच्या बाजारामागं उकिरड्यावर चरायची. मालक सकाळी दूध काढायचा आणि हाकलायचा, दूध आटलं तसं घरात घेईना, शेवटी टेम्पोत घालून आपल्याकडे आली. एक शिंग कुठंतरी मोडलेलं, पोट ढोलासारखं आणि बरगड्या मोजून घ्याव्या अशा. गुरांचा डॉक्टर आला, त्यानं इथंच आपल्या खळ्यावर तिची कूस उघडली आणि कोपरापर्यंत हात घालून पिशव्या ओढल्या. दुधाच्या, चिप्सच्या, कपड्यांच्या दुकानाच्या, एकात एक गुंतलेल्या, पिळलेल्या. टोपलीवर टोपली भरली. तो वास माझ्या नाकातून आठ दिवस गेला नाही. नात तोंडाला ओढणी लावून व्हिडिओ काढत होती आणि रडत होती. मी रडले नाही. मी त्या पिशव्यांवरची दुकानांची नावं वाचत होते, सगळी ओळखीची. ती जगली. दूध कधीच दिलं नाही, लाथा मात्र भरपूर दिल्या. सुनेला अंगाला हात लावू द्यायची नाही, डॉक्टरला बघून मुतायची. माझ्या हातचं तेवढं खायची. सकाळी मी पेंढा घेऊन गेले की ते एक शिंग माझ्या कमरेला घासायची, जोरात, दुखेल असं.

आता तुला तो दिवस आठवतो का बघ. माझ्या लग्नाला वर्ष झालं नव्हतं. बदलापूर गावात कुणाचं तरी लग्न होतं, तिथला उरलेला भात टोपभर आपल्याकडे आला. मला वाटलं, वाया कशाला घालवायचा, आणि मी तो अख्खा व्यालेल्या गाईपुढं ओतला. तिनं चाटून पुसून खाल्ला. मी खूश. दुपारी तू नदीवरून धुणं घेऊन येतेस, गाईकडे एकदा बघतेस, पिळा तसाच चिखलात टाकतेस. मला वाटलं मारणार. मारलं नाहीस. माझं मनगट धरलंस आणि माझा हात तिच्या डाव्या कुशीवर दाबून ठेवलास. म्हणालीस, "आत गिरणी चालते गुराच्या. ऐक. थांबलीय ना? तू थांबवलीस." मग गोडं तेल आणलंस, खायचा सोडा कालवलास, बांबूच्या नळीनं तिच्या घशात ओतलास आणि मला तिच्याबरोबर खळ्याभोवती फिरायला लावलंस, एक हात दोरावर, एक हात कुशीवर. किती फेऱ्या घातल्या देव जाणे. पोटुशी होते मी, तुला ते माहीत होतं, तरी थांबू दिलं नाहीस. संध्याकाळच्या आत गिरणी परत चालू झाली. गुडगुड हाताला लागली तेव्हा मी मटकन खाली बसले. तू एवढंच म्हणालीस, "भात तुला, गवत तिला. देवानं ताटं वेगळी मांडलीत, तू एक करू नकोस." दुसऱ्या दिवशी त्याच गाईच्या वासराचा दोर माझ्या हातात दिलास. ही कालवड तुझी, म्हणालीस. माहेराहून मला भांडी आली होती, लुगडी आली होती, पण माझी म्हणावी अशी पहिली जिवंत वस्तू तू दिलीस. हे तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर चढून बसली असतीस.

म्हणजे मला माहीत होतं, आत्या. अडाण्यासारखं झालेलं नाही हे.

बिल्डिंगीतल्या लोकांना पितरं घालायला गाय मिळत नाही. कावळे पण नीट येत नाहीत, चौदाव्या मजल्यावर कुठला कावळा. शिरगावच्या कुठल्या तरी बाईनं नातीचा व्हिडिओ पाहिला आणि त्यांच्या मोबाइलवरच्या ग्रुपवर टाकलं की इथं गाय आहे, गोग्रासाची सोय होते. पंधरवडाभर एकदोघं येत होते, मी फाटकातूनच परत लावत होते. पेंढा आणा, म्हणायची. तोंड वाकडं करून जायचे. पेंढा घातल्यानं पितर जेवत नाहीत म्हणे. सून म्हणायची, अहो आई, लोकांना असं तोडून बोलू नका, उद्या औषधाला हेच उपयोगी पडतील. अमावस्येला मी तुझं पान गाईपुढं ठेवलं, माझा मुलगा कामाला गेला, मला उल्हासनगरला डोळे दाखवायला जायचं होतं, नंबर लागलेला. मी गेले. सूनही सोबत. नात कॉलेजात.

परत आलो तेव्हा चार वाजले असतील. बांधावर गाड्यांच्या चाकांचे चर पडलेले. फाटक उघडं. गोठ्यासमोर केळीची पानं, चांदीच्या कागदाचे ट्रे, प्लॅस्टिकचे डबे, उदबत्त्यांचे पुडे, एका ट्रेमध्ये कुणीतरी सिगारेट विझवलेली. तिच्या कपाळाला कुंकू, पाठीवर तांदूळ, गळ्यात झेंडूची माळ. आणि ती उभी. पाय ताणून, मान खाली, दात करकर खाते. डावी कूस ढोलासारखी वर आलेली. मी हात ठेवला. आत काही नव्हतं. गिरणी बंद. तेल दिलं, सोडा दिला, तिला चालवायला गेले तर दोन पावलं टाकून बसली. डॉक्टर अंबरनाथहून आला, नळी घातली, आंबलेल्या भाताचा असा भपकारा आला की तो माणूस तोंड फिरवून उभा राहिला. म्हणाला, आजी, एका घरचं असतं तर निघालं असतं, हे अख्ख्या गावाचं जेवण आहे. दुसऱ्या दिवशी उजाडताना गेली. प्लॅस्टिक पचवून जगलेली गाय खिरीनं मेली.

खड्डा खणायला जेसीबी आलेला, मी चिखलात उभी, तेवढ्यात फोन. ग्रुपवरून बातमी कळलेली. मला वाटलं, वाईट वाटलं असेल. गृहस्थ अगदी मऊ आवाजात विचारतो, "आजी, आमचं पान तिनं आधी खाल्लं होतं ना? वडिलांना पोचलं असेल ना?" असले शब्द मी तोंडातून काढले की सून आत निघून गेली. मग दिवसभर फोनवर हात जोडलेल्या चित्रांची रांग. एकीनं लिहिलं, भाग्यवान गाय, अमावस्येला मोक्ष मिळाला. आत्या, मला माणसांचा इतका वीट कधी आला नव्हता. मी फाटकाला कुलूप घातलं. मुलाला सांगितलं, लोकांनी कडी उचकटली, कुणाला न विचारता आत घुसले. त्यानं पोलिसांत जायची तयारी केली, मीच नको म्हटलं. सगळ्यांना वाटतं, म्हातारी मोठ्या मनाची.

तर आता तेही ऐक. हे घरात कुणाला माहीत नाही. तुझं पान मी गाईपुढं ठेवलं तेव्हा घरातले सगळे आत जेवायला बसत होते आणि फाटकाबाहेर एक बाई उभी होती, नव्या साडीत, हातात झाकलेलं ताट. तिनं मला वाकून नमस्कार केला. म्हणाली, किती करता हो तुम्ही या मुक्या जिवांचं, तुमच्यासारखं पुण्य कुणाचं. मग हळूच विचारलं, "आजी, आम्ही पण घातलं तर चालेल?" माझं स्वतःचं पान गाईच्या तोंडात. नाही कसं म्हणू? आणि खरं सांगू, फक्त तेवढंच नव्हतं. त्या पुण्याच्या बोलण्यानं मला गुदगुल्या झाल्या होत्या. ज्यावर मी जन्मभर थुंकले, त्यानंच. मी म्हटलं, घाला. कडी काढून दिली, आणि माझ्यामागं येतील त्यांनाही घालू द्या म्हणून सांगून गेले.

पितरांना काही पोचवायचा एकच रस्ता मला माहीत होता, पानाचा, आणि ते पान मी बंद केलंय. तेव्हा हे पत्र तुझ्यापर्यंत यायचं नाही. वही ट्रंकेत तळाशी ठेवते. पण चुकून पोचलंच तर तू उत्तर देऊ नकोस. तुला मी ओळखते, तू मला मरेस्तोवर शिव्या देशील आणि दुसऱ्या दिवशी हातात दोर देशील, आणि मला बरं वाटेल. ते नको. ती आता तुझ्याकडेच असेल, एक शिंग मोडलेलं आहे, लाथ मारते, जरा लांबून जा. तिला विचार, मी घाला म्हणाले ते तिनं ऐकलं होतं का. उत्तर तिनं द्यायचं. तू मध्ये बोलायचं नाहीस.