दोनशे चौदा नावं

६ सप्टेंबर १९९९, सोमवार

फलक लिहून झाला! आज वाचनालयाला सुट्टी, म्हणून निवांत बसता आलं. 'दसरा-दिवाळीला येणारी नवी पुस्तकं' — मथळा तांबड्या शाईत, बाकी काळ्या. अकरा पुस्तकं. नाव, लेखक, पानं, यायची तारीख. एका पत्रकात पानं दोन जागी वेगळी छापलेली — ३१२ आणि ३२१. पुण्याला कार्ड टाकलं होतं. प्रकाशकाचं उत्तर आलं : ३१२, असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी विचारतो. सातवी पास, शिपाई म्हणून लागलो इथं. आज ग्रंथपालाच्या खुर्चीत बसतो, ते विचारूनच.

अकरावं पुस्तक — 'बाणसांगवी : एका गावाची नोंद'. लेखक नांदेडच्या कॉलेजातले सिद्धेश्वर सर. पण शेवटची अडतीस पानं त्यांची नाहीत. माझी. भूकंपात आमच्या गावात गेलेल्या माणसांची यादी, घरवार. दोनशे चौदा नावं. त्यात चूक निघाली तर मला तोंड दाखवायला जागा नाही. निघणार नाही.

७ सप्टेंबर

ताहेरभाई घड्याळवाले आठलाच दारात. फलक लागला की ज्याला जे पुस्तक हवं त्यानं नंबरवहीत नाव टाकायचं. पुस्तक आलं की त्या क्रमानं मिळतं. दरवर्षी पहिला नंबर त्यांचाच. यंदाही — अकराच्या अकरा.

"अप्पा, तुमच्या पुस्तकाला बी नंबरच लावायचा का? वशिला नाही चालत?"

"नंबर लावा."

"बघा बघा! लेखक तिकडं नांदेडात निवांत, अन् मान ताठ इकडं लातुरात!"

हसलो. म्हणजे हसलो असं वाटतं.

दुपारी हॉल भरला. बेचाळीस खुर्च्या, चाळीसांवर क्लासची पोरं-पोरी, समोर वह्यांचे ढीग. दोन वाचक — पैकी एक झोपलेला. एक मुलगी फलकापाशी उभी राहिली. "काका, ह्यातलं बारावीला कोणतं आहे?" म्हटलं, कोणतंच नाही. "मग लावलं कशाला?" खोड काढत नव्हती. खरंच विचारत होती.

१४ सप्टेंबर

अध्यक्ष हणमंतराव आले. उभ्याउभ्याच फलक वाचला.

"चार ठेवा अप्पा. बाकीच्यांच्या जागी गाईडं घ्या. पोरं डॉक्टर व्हायला आलीत लातूरला, कादंबऱ्या वाचायला नाही."

कोणती चार?

"तुम्हीच ठरवा की. तुम्ही शिकलेले!" मग जिन्यावरून — "ते भूकंपाचं राहू द्या मात्र. प्रकाशनाला मला बोलवून राहिलेत."

सात नावांवर पट्टी धरून रेघा मारल्या. काही वाटलं नाही. रेघा सरळ आल्या.

१९ सप्टेंबर

सरांचं पत्र. प्रेसकडून उशीर. तीस सप्टेंबरला निघणारं पुस्तक आता दसऱ्याला. प्रकाशन गावातच, नव्या वसाहतीत. 'यादी तुम्हीच वाचा, माणिकप्पा. दुसऱ्या कुणाचा तो हक्क नाही.' बरोबर लिहिलंय.

यादी कशी झाली ते सरांनाही पुरतं माहीत नाही. सरकारी यादी होतीच. तिच्यात काय — 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई', 'मुलगी (लहान)'. ही काय नोंद झाली! चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात दर सोमवारी गावी जायचो. पत्र्याच्या शेडांमधून, एकेका दारात बसायचो. नियम एकच — घरातल्या माणसानं सांगितल्याशिवाय नोंद नाही. शेजाऱ्याचं चालायचं नाही. नाव, वय, नातं, शेरा. शेऱ्यात, त्या रात्री तो माणूस त्या घरात का होता ते. कुणी गणपती बुडवायला आलेलं, कुणी बाळंतपणाला. एका घरी म्हातारीचं नाव कुणाला येईना. "आज्जीच म्हणून राहिलो की आम्ही जल्मभर!" म्हटलं, तिच्या माहेरी जा, विचारून या. देवणीपर्यंत जाऊन आले. नीलगंगाबाई, वय अठ्ठ्याहत्तर. ऐकून सूनबाई पहिल्यांदा रडली.

"तू तलाठ्याच्या वरताण हायस," शंकरप्पा म्हणायचा. जुना शेजारी, त्याला सूट आहे.

३० सप्टेंबर

तनुजाच्या आईला जाऊन सहा वर्षं. तनुजानं क्लासला जायच्या आधी दिवा लावला. तेव्हा सहावीत होती, शाळेसाठी माझ्याजवळ इथं खोलीवर, म्हणून वाचली. आई गावी, शेताकडं बघत.

स्टँडवर जाऊन पार्सलची चौकशी केली. नाही आलं.

३ ऑक्टोबर

नाही.

१२ ऑक्टोबर

आलं! नांदेडहून एसटीनं, दहा प्रती. स्टँडवरच दोरी सोडली. कापडी बांधणी, शिवण पक्की. जुलैत नांदेडला दोन दिवस राहून यादीची प्रुफं मी स्वतः तपासली होती — डाव्या हाताला माझी वही, उजव्या हाताला प्रूफ, बोट ठेवून एकेक नाव. एकसष्ट चुका काढल्या. प्रेसवाला म्हणाला, मालक, तुम्ही इथंच नोकरीला या. तरी एक राहिलीच — एका पोराचं वय ६ चं ९ झालंय. चक्क तीन वर्षं जास्त जगला पोरगा.

बाकी, वाट बघत होतो तसं काही झालं नाही. पुस्तक मांडीवर घेऊन बाकावर बसलो. उदगीर गाडी आली, गेली. निलंगा आली, गेली. मग उठलो.

तनुजाला दाखवलं. "छान झालंय, अप्पा." उघडलं नाही. उद्या चाचणी आहे तिची.

१९ ऑक्टोबर, दसरा

जाऊन आलो. तनुजाही होती, क्लासला आज सुट्टी. मारुतीपुढं मांडव. हणमंतरावांचं भाषण वीस मिनिटं, त्यात 'लातूर पॅटर्न' सात वेळा. मोजलं.

मग मी. घरमालकाचं नाव घ्यायचं, मग त्या घरातली गेलेली. पहिल्या नावालाच त्या घरची माणसं आपोआप उभी राहिली. कुणी सांगितलं नव्हतं. पुढं तेच झालं — नाव घेतलं की एक घर उठायचं, नावं संपली की बसायचं. कुठं आठ माणसं उठली, कुठं एकटी बाई. शंकरप्पा उठला, त्याची चार नावं. मग बसलिंगप्पा, त्याची दोन. पस्तीस मिनिटं लागली. आवाज कुठं हलला नाही, जीभ अडखळली नाही. नीलगंगाबाईसुद्धा स्पष्ट.

सोनं देताना माणसं माझा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवत होती. मान म्हणून असेल.

परतीच्या जीपमध्ये तनुजा बाहेर बघत बसली. अभ्यास बुडाला म्हणून असेल.

२० ऑक्टोबर

सकाळी चहा गाळताना तनुजा — "अप्पा, आईचं नाव कुठंय?"

"यादीत."

"नाही. काल मी उठायच्या तयारीत बसले होते. शंकरप्पाकाकांच्या नंतर आपलं घर. तुम्ही एकदम बसलिंगप्पाकाकांचं वाचलं."

पान २५७. शंकरप्पा. बसलिंगप्पा. मध्ये काही नाही.

प्रेसवाल्यानं गाळलं! अख्खं घर गाळलं! एसटीडीवरून नांदेडला फोन लावला. सर नव्हते. त्यांच्या मंडळींना नको ते बोललो — आमच्या घरची किंमत नाही तुम्हाला, वगैरे. प्रुफं मीच तपासलीत हे बोलतानाच डोक्यात आलं. तरी बोलत राहिलो.

२१ ऑक्टोबर

ट्रंकेतून वही काढली. हिरव्या पुठ्ठ्याची. माझं अक्षर, माझी शाई. शंकरप्पा — चार. खालच्या ओळीला बसलिंगप्पा — दोन. मध्ये कोरी ओळसुद्धा सोडलेली नाही.

शेड ते शेड गेलो होतो. आमचं शेडच नव्हतं. मी लातुरात, घेतलंच नाही. कुठल्या दारात बसणार?

हे कारण झालं. खुलासा नाही झाला. प्रूफ वहीशी ताडलं, आणि वहीतच नव्हतं.

सरांना माफीचं पत्र टाकलं. मंडळींना वेगळं.

२५ ऑक्टोबर, सोमवार

गावी गेलो. शंकरप्पा कडब्यापाशी होता. विचारलं, परवा तुझ्या ध्यानात आलं होतं का?

"हाव. समद्यांच्याच आलं."

"मग बोलला का नाहीस?"

"आमाला वाटलं, तुझ्या तोंडून नाव निघंना झालंय. म्हणून सोडलंस. माणूसच हाय म्हटलं. कसं टोकावं?" मग म्हणाला, "बायका तर लई रडल्या नंतर. आधी न्हाई रडल्या तेवढ्या."

तसं असतं तर बरं होतं. तसं नव्हतं. मी विसरलो होतो. दोनशे चौदा बेरीज चार वेळा केली होती, चारही वेळा बरोबर आली.

शंकरप्पाला हे सांगितलं नाही. त्यानं भाकर खाऊ घातली. खाल्ली.

२९ ऑक्टोबर

सरांचं उत्तर. रागावले नाहीत. शुद्धिपत्र छापून देतो, प्रत्येक प्रतीत चिकटवू. पोराचं वयही त्यातच दुरुस्त करू. घराची नोंद पाठवा.

ताहेरभाई पुस्तक न्यायला आले. म्हटलं थांबा, त्यात चूक आहे.

"तुमच्या यादीत? तोबा! आज सूर्य कुठून उगवला?" मग माझ्याकडं बघितलं. मनगटावरचं घड्याळ काढून उगाच चावी देत बसले. जाताना — "अप्पा, मला घाई नाही. नंबर कुठं पळून चाललाय?"

३१ ऑक्टोबर

कागद समोर. एक ओळ लिहायची. दोनशे चौदा लिहिल्या.

नाही झाली. घरातल्या माणसाला विचारून लिहायची, एवढंच येतं मला. स्वतःच सांगायचं आणि स्वतःच लिहून घ्यायचं — तसं कधी केलं नाही.

२ नोव्हेंबर

तनुजा आज क्लासला गेली नाही. हिरवी वही उघडून समोर बसली, म्हणाली, सांगा. नाव — कस्तुराबाई. वय — चौतीस. नातं — बायको. शेरा?

तिला विसर्जनाला लातूरला यायचं होतं. गाडीवाल्याबरोबर निरोप आला होता. मीच उलट कळवलं — नवी पुस्तकं येऊन राहिलीत, खोलीभर गठ्ठे, दसऱ्यानंतर ये.

तनुजानं तेही लिहून घेतलं.