गाळलेला रकाना

बाबा, तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली आणि आज चहा झाल्याबरोबर मी तुमच्याशी भांडायला बसले आहे. धरमपेठेतली ही बाल्कनी तुम्ही पाहिलेली नाही. खाली मोबाईलची दोन दुकानं आहेत आणि दोन्हींसमोर माणसं मान खाली घालून उभी असतात, कोणी कोणाशी बोलत नाही. मी कोणाशी बोलू? ज्या गोष्टीची मला गेले पंधरा दिवस धास्ती बसली आहे ती समजेल असा माणूस तुमच्याशिवाय आठवत नाही. आणि खरं सांगायचं तर ती धास्ती माझ्या डोक्यात घातलीत तुम्हीच.

सिस्टरांच्या शाळेत घालायचा हट्ट तुमचा. तिथून मी साफ इंग्रजी घेऊन आले आणि तुमच्या ‘मले-तुले’ची मला लाज वाटू लागली. त्याहून मोठी लाज तुमच्या त्या सवयीची. फौजेत वायरलेसवर आयुष्य काढलेला माणूस घरातही वायरलेसवर असल्यासारखा वागायचा. आई म्हणायची, येताना मीठ आणि काडीपेटी आणा. तुम्ही दारात थांबून, खणखणीत आवाजात, ‘मीठ, काडीपेटी,’ असं तिला परत सांगायचे आणि मगच चप्पल घालायचे. शेजारच्या काकू तोंडाला पदर लावून हसत. मी सहावीत होते तेव्हा एकदा आईनं मला सांगितलं, मी खाली जाते, दूध वर आलं की उतरव आणि स्टो बंद कर. मी पुस्तकातून मान न उचलता ‘येस’ म्हटलं. तुम्ही आलात तेव्हा स्वयंपाकघरात धूर भरलेला, पातेलं काळं ठिक्कर, आणि धाकटा भाऊ पाळण्यात खोकून खोकून लाल झालेला. तुम्ही मारलं नाहीत. भावाला खांद्यावर घेऊन माझ्यासमोर उभे राहता आणि विचारता, ‘आईनं काय सांगितलं होतं? परत सांग वं.’ मला आठवत नाही. ‘तू हो म्हटलं होतं. हो म्हणजे आवाज कानात गेला, एवढंच. परत सांगितलं तर समजलं.’

मग पातेलं घासता घासता तुम्ही ती गोष्ट सांगितलीत, जी आईलाही पूर्ण ठाऊक नव्हती. पहाडातली एक चौकी. तुम्ही निरोप दिला होता की आज पुलावरून जाऊ नका. पलीकडच्यानं ‘रॉजर’, म्हणजे मिळालं, म्हटलं. घाई होती, पुढचे निरोप तुंबले होते, तुम्ही त्याला परत सांगायला लावलं नाही. त्यानं ऐकलं होतं, नीट ऐकलं होतं. तेवढ्यात त्याला कोणी बाहेर हाक मारली आणि निरोप त्याच्या कानातच राहिला. तुकडी पुलावर गेली. तिघं परतले नाहीत. ‘त्यानं मोठ्यानं परत म्हटलं असतं,’ तुम्ही पातेल्याकडे बघत म्हणालात, ‘तर बाजूले उभ्या असलेल्यांनीही ऐकलं असतं. परत सांगणं आपल्यासाठी नसतं वं, त्या बाजूच्या माणसांसाठी असतं.’ त्यानंतर मी तुमच्यावर कधी हसले नाही. चिडले पुष्कळदा.

पुढे मी तुमच्याच वाटेला लागले. फौजेचे वायरलेस संच जिथे तपासून पास करायचे त्या कारखान्यात तीस वर्षं काढली. आमच्या तपासणीच्या कागदावर शेवटचा रकाना होता: परत सांगितले का. पलीकडचा माणूस पूर्ण निरोप स्वतःच्या तोंडानं परत सांगेपर्यंत तो भरायचा नाही, आणि तो भरेपर्यंत संच पास नाही. कितीतरी साहेबांनी त्या रकान्यावरून माझी टर उडवली. मीही त्यांना सोडलं नाही.

तो रकाना आता गेला आहे, बाबा. दोन महिन्यांपूर्वी मला निवृत्तीतून उठवून एका चाचणी समितीत बसवलं, जुनी जाणकार म्हणून. नवे संच आले आहेत. तुम्ही पाठीवर ओझं वाहिलंत, हा एका हातात मावतो. डोंगर आडवा आला तर निरोप उपग्रहावर जातो आणि पलीकडे उतरतो. निरोप सांकेतिक होऊन जातो; मधे पकडणाऱ्याकडे तो उलगडायची किल्ली नसेल तर त्याच्या हाती नुसता कचरा. मी दोष काढायलाच गेले होते आणि मला दोष सापडला नाही. निरोप लिहायचा, पाठवायचा, पलीकडच्या संचात उतरला की इकडे पडद्यावर हिरवी खूण उमटते. यंत्र स्वतःच सांगतं म्हणून नव्या कागदातून रकाना गाळला.

चाचणीसाठी काटोलच्या बाजूला टेकडीमागे संच घेऊन एका हवालदाराची गाडी उभी केली होती. आम्ही तंबूतून निरोप पाठवला: समोरची वाट सोडा, ओढ्याच्या डावीकडून या. खूण लगेच आली. टाळ्या पडल्या. गाडी आली नाही. अध्यक्ष तरुण, सभ्य माणूस. म्हणाला, ‘मॅडम, खूण आली म्हणजे पोहोचलं.’

‘कुठे पोहोचलं?’

‘संचात.’

‘संच कुठे आहे?’

‘गाडीत.’

‘आणि माणूस?’

शेवटी आम्हीच टेकडीपलीकडे गेलो. गाडीत संच, संचावर आमचा निरोप, आणि बागेच्या कुंपणाकडून आमचे मिशीवाले हवालदार रुमालात संत्री बांधून सावकाश येताहेत. म्हणाले, ‘म्याडम, पाच मिनिटं उतरलो होतो. काहून, काही आलं होतं का?’ सगळे हसले. संत्री वाटून खाल्ली. कागदावर लिहिलं गेलं: संदेश पोहोचला. खोटं काहीच नव्हतं त्यात. पण मला तो पूल दिसत होता जो मी कधी पाहिलेला नाही.

मी म्हटलं, माझी टीप जोडा, रकाना परत आणा. अध्यक्षानं आवाज न चढवता सांगितलं की टीप जोडली की कागद वर जाणार, नवी चाचणी लागणार, आणि बर्फ पडायच्या आत संच पहाडात पोहोचणार नाहीत. ‘आठवडाभर विचार करा, मॅडम.’

पहाडात तुमची नात आहे. तीही फौजेत, सिग्नलच्या म्हणजे संदेशांच्या दलात अधिकारी, तुमच्यासारखीच हट्टी. त्याच आठवड्यात सुट्टीवर आली होती. ओट्यावर बसून पोहे खात होती, मी तिला सगळं सांगितलं, पूल आणि पातेल्यासकट. ती हसली नाही. ‘आई, जुना संच डोंगराआड मुका होतो. मागच्या हिवाळ्यात आमची माणसं चार तास कुठे होती, आम्हाला ठाऊक नव्हतं. माझी माणसं. तू रकान्यासाठी थांबवशील?’ मी म्हटलं, मग परत सांगायला कोण लावणार? ‘मी लावीन ना.’ मी विचारलं, आणि तू गाडीतून उतरलेली असलीस तर? त्यावर ती पोह्यांत लिंबू पिळत राहिली.

संच वर पहाडात गेले. तीही गेली. आता माझ्या फोनवर दिवसाआड तिचा निरोप येतो, ‘ठीक आहे’, आणि मी ‘काळजी घे’ लिहिते. माझ्या दोन शब्दांपुढे खूण उमटते. कोणाच्या हातात उमटली? फोन तिच्याजवळ आहे की गाडीत पडला आहे? मला माणसाचा आवाज हवा, बाबा. मोठ्यानं, बाजूच्यांना ऐकू जाईल असा.

हे पत्र तुमच्या दाढीच्या जुन्या डब्यात ठेवीन, दुसरीकडे कुठे पाठवू. पण ज्यासाठी एवढं लिहिलं ते अजून बोलले नाही. ती टीप मी लिहून नेली होती, पर्समध्ये होती, आणि ती काढली नाही. सही केली. रकान्याबद्दल एक ओळ लिहिली नाही.

तुम्ही दारात थांबला असाल तर परत सांगते. आता मोठ्यानं म्हणते आहे, बाजूला ऐकायला कोणी नसलं तरी. सही केली. ओळ लिहिली नाही.