शून्याऐवजी एक

मुलुंड पूर्व,
१२ जानेवारी

चि. रुचिरा हिस सहदेवकाकाचे अनेक आशीर्वाद.

कान गेल्यापासून मला फोनवर कुणाचं काही कळत नाही आणि मोबाईलवर टाईप करायला बोट धड पडत नाही. म्हणून हे पत्र. आपली पूर्वी, म्हणजे माझी नात आणि तुझी लाडकी भाची, भारताकडून तिसराच सामना खेळली आणि टी-ट्वेंटीत चार षटकं टाकून एकही धाव दिली नाही! वर तीन बळी. हर्षदने लेकीचा फोटो छापून सोसायटीच्या गेटवर एवढा मोठा फलक लावलाय की आमच्या नगरसेवकाचा झाकला गेला. तुझी मालनकाकू येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातावर पेढा ठेवते आहे.

तू लहान असताना मी तुला सांगितलं होतं, आठवतं? १८७७ची पहिली कसोटी आणि तिच्या शंभरीनिमित्त १९७७ला झालेली, दोन्ही ऑस्ट्रेलियाने बरोबर पंचेचाळीस धावांनी जिंकल्या. असल्या आकड्यांवर आपण दोघांनी किती दुपारी घालवल्या. आता त्यात आपल्या घरचं माणूस. टीव्हीच्या स्टुडिओत आकडे पुरवणारी तूच आहेस, तेव्हा असं शून्य आजवर कुणाकुणाला जमलं ते सवडीने कळव.

काकूची आठवण. तब्येतीला जप.

सहदेवकाका

अंधेरी पूर्व,
१६ जानेवारी

तीर्थस्वरूप सहदेवकाकांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. तुम्हाला हवी ती माहिती मी पाठवणार होते, पण आता ती पूर्वीला लागू नाही. ती राहिली नाही त्या यादीत.

तिच्या शेवटच्या षटकातला बॉल पॅडला लागून मागे गेला असं पंचांना वाटलं. त्यांनी लेगबायची एक धाव दिली, म्हणून ती धाव तिच्या नावावर पडली नाही. सामना संपल्यावर माझ्यासमोर दुसऱ्या कोनातला रीप्ले आला. बॉल आधी बॅटला लागला होता, अगदी स्पष्ट. आमच्या प्रोड्यूसरला, मुकुलला, दाखवला. तो म्हणाला, सोड ना यार, अधिकृत स्कोअर शून्य आहे, तुझीच भाची आहे, एन्जॉय कर. मी तो रीप्ले अधिकृत स्कोअररला पाठवला. पंचांनी पाहिला आणि निर्णय बदलला. आता चार षटकं, तीन निर्धाव, एक धाव, तीन बळी.

ब्रॅडमनला शंभराच्या सरासरीला चार धावा कमी पडल्या, त्या कुणी त्याला वाढवून दिल्या नाहीत. तुम्हीच शिकवलंत. तरी हे पत्र दोनदा फाडून पुन्हा लिहिलं. काकूंना नमस्कार.

आपली,
रुचिरा

मुलुंड पूर्व,
२१ जानेवारी

चि. रुचिरास आशीर्वाद.

तुझं पत्र यायच्या आधीच इथे सगळ्यांना कळलं होतं. हर्षद शिडी घेऊन गेला आणि फलक उतरवून आला. त्याचं म्हणणं, बाहेरचा कुणी असता तर समजलं असतं, सख्ख्या चुलत बहिणीने वाट लावली. तुझी काकू मालवणीतच करवादली की रुचिरान आपल्याच चेडवाच्या, पूर्वीच्या तोंडातलो घास काढल्यान. पुढच्या आठवड्यात परदेश दौऱ्याचा संघ निवडायचा आहे. शून्य राहिलं असतं तर पूर्वीला वगळायची कुणाची टाप नव्हती.

मलाही राग आलाय, लपवत नाही. मैदानावर पंच देतील ते खरं, हेही मीच शिकवलं होतं. एकच विचारतो. दुसऱ्याची मुलगी असती तर तू इतकी धडपड केली असतीस का? उत्तर खरं दे.

पूर्वी खोलीत बसून असते.

सहदेवकाका

अंधेरी पूर्व,
२ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप सहदेवकाकांस,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, क्षमा असावी. खरं सांगायचं तर दुसऱ्याची असती तर मुकुलचं ऐकून मी घरी गेले असते. आपली होती म्हणून सोडता येईना. रीप्ले कधी ना कधी कुणीतरी काढलाच असता, आणि आत्याने स्टुडिओत बसून लपवलं, हे वाक्य पूर्वीच्या नावाला कायमचं चिकटलं असतं.

तिची संघात निवड झाली हे तुमच्याकडे आधीच कळलं असेल. काल विमानतळावर जाताना ती माझ्याकडे आली. मला वाटलं, भांडायला आली. तिने चप्पल काढता काढताच रीप्ले दाखव म्हणून सांगितलं. पुन्हा पुन्हा पाहिला. बॅटकडे तिने बघितलंच नाही, स्वतःच्या पायांकडे बघत होती. मग म्हणाली की पुढचा पाय आडवा पडतोय, म्हणून बॉल लेगला जातोय, आणि हे तिला इतके दिवस कुणी सांगितलंच नव्हतं, जो तो शून्याचंच बोलत होता. मग हॉलमध्ये टीपॉय सरकवून तिने पाय सरळ टाकून दाखवला. भात दोनदा मागून घेतला. निघताना गळ्यात पडली आणि थोडी रडली. मीही.

हर्षद खाली रिक्षात बसून होता, वर आला नाही. मी कोलंबीच्या सुक्याचा डबा घेऊन खाली गेले, वाटेत खायला म्हणून पूर्वीपुढे धरला. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, ती विमानात कोलंबी खाणार नाही. आणि हात पुढे करून डबा त्याने स्वतःच्या मांडीवर ठेवला.

काकूंचा राग उतरला की कळवा, मुलुंडला येईन. माया आहे तशीच असू द्यावी.

आपली,
रुचिरा