उरलेलं जेवणात धरत नाहीत

आत्याबाई, काल तुमच्या लेकानं स्वतःच्या हातानं माठातून तांब्या भरून घेतला. आमच्या लग्नाला बावन्न वर्षं झाली, पहिल्यांदाच. बुडवताना मनगटापर्यंत हात आत घातला, तंबाखू मळलेला हात, शी, सगळा माठ मला मागल्या दारी ओतावा लागला, पण भरला. मी एवढी हसले की नात म्हणली, "आज्जी, तुला काय झालं?" आता ह्याची मजा कोणाला सांगायची? ती तुमालाच कळायची. म्हणून नातीच्या जुन्या वहीची मागची कोरी पानं घेऊन बसले. माझी शाळा तिसरीपर्यंत, जोडाक्षरं चुकतात. तुमाला तर अक्षरच येत नव्हतं, त्यामुळं बिनघोर लिहिते.

माझी सून तुमी बघितली नाही. तुमी गेल्यावर कितीतरी वर्षांनी ती घरात आली. अडतीस वर्षांची आहे, कामाला वाघीण, बोलायला मुकी. गेल्या साली तुरी काढायच्या दिवसात ती शेतातून आली आणि ओसरीवर एका पावलाचे लाल ठसे उमटले. बघते तर बाभळीचा काटा चपलेतून आरपार टाचेत गेलेला. मी म्हणलं, "अगं, टोचलं न्हाई का तुला?" ती म्हणली, "न्हाई आई. कायच कळलं न्हाई." ती जखम महिनाभर भरेना. पट्टी मी सोडायची. आतून जे यायचं त्याचा वास सांगत नाही, लिहिताना सुद्धा नाकाला पदर लावलाय. मग पालमहून एसटी धरली आणि परभणीला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण कवळी पोरगी, पण तोंड भारी तिखट. म्हणली, हिच्या रक्तात साखर आहे, कधीची आहे कोणाला ठाऊक, पायाचं कळणं गेलंय. साखर उतरली नाही तर पुढच्या काट्याला पाय जाईल. मला साखर आठ वर्षांपासून आहेच. ती म्हणली, "आजी, दोघी मिळून करा. एकटीनं चार दिवस होतं, मग सुटतं. रोज सकाळी अर्धा तास चाला, आधी भाजी खा मग भाकर, आणि जेवण वेळेवर."

चालायचं म्हणजे काय, आत्याबाई, आपण जन्मभर चाललोच की. पाण्याला, शेताला, बाजाराला. पण डोक्यावर काही नाही, हातात काही नाही, आणि नुसतं फाट्यापर्यंत जाऊन परत यायचं? लय लाज वाटायची. पहिल्याच दिवशी शेजारची म्हातारी ओट्यावरून ओरडली, "सासू-सुना दोघी चालल्या, आन् टमरेल एकबी न्हाई?" सगळी गल्ली हसली. तिचं तरी काय चुकलं, त्या रस्त्याला माणसं त्याच कामाला जातात. घरोघर संडास झालेत आणि त्यात सरपण भरून ठेवलंय. सकाळी तो रस्ता म्हणजे काय सांगू, पाय कुठं टाकावा कळायचं नाही. नाक धरून चालायचं, खाली बघून चालायचं, त्यात सुनेचा पाय असा, म्हणून मी एक पाऊल पुढं. "डावीकडनं ये," "थांब," "आता उडी मार." ती बिचारी उड्या मारायची. पंधरा दिवसांत ती माझ्याशी बोलायला लागली. अठरा वर्षांत जेवढं बोलली नव्हती तेवढं त्या घाणीतून वाट काढताना बोलली.

दोन महिने आमी एक दिवस चुकवला नाही. चहातली साखर सोडली. मेथी, अंबाडी, चुका, आधी भाजी मग भाकर. आणि परत तपासलं तर दोघींची साखर होती तिथंच. सुनेची तर वर. डॉक्टरीण कागदावरून वर बघून म्हणली, "काय खाता खरं सांगा."

मी म्हणलं, "एक भाकर, भाजी, वाटीभर वरण."

"आजी, मला फसवून काय मिळणार? पाय हिचा जायचाय, माझा न्हाई."

मला लय राग आला. मी खोटं बोलले नव्हते. एसटीत सून खिडकीकडं तोंड करून रडायलेली. मी तिला म्हणलं, बाई, आपण देवाशप्पथ एकच भाकर खातो. तिनं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणली, "आई, उद्या उरलेलं खायचं न्हाई. डब्यात टाकायचं. बघू तरी."

मला ते खुळ्यासारखं वाटलं. उरलेलं कुठं जेवणात धरतात? पण दुसऱ्या दिवशी तिनं कडीचा मोठा डबा चुलीच्या ओट्यावर ठेवला, आणि जे आमी दोघी टाकायचं नाही म्हणून तोंडात टाकतो ते सगळं त्यात जायला लागलं. सकाळी नातवंडांच्या चहात बुडून फुगलेली खारी. पोराच्या ताटातला पोह्यांचा गोळा. नातीनं अर्ध्या चघळून सोडलेल्या त्या पुडीतल्या शेवया. दुपारी भात, त्यावर कोणाच्या तरी बोटांचे वळ. कालचा शिरा. शेजारच्या बारशाचा अर्धा लाडू, दातांच्या खुणांसकट. दिवे लागायच्या वेळेला डबा काठोकाठ भरला. सुनेनं झाकण काढलं. आंबूस, चिकट, एकात एक कालवलेलं, वर माशी फिरायलेली. मी मागल्या दारी जाऊन ओकले, खोटं कशाला सांगू. सून डब्याकडं बघतच राहिली. म्हणली, "आई, एवढं आपण रोज खायलोत."

मागल्या दारी भिंतीला धरून उभी होते, तोंड आंबट झालेलं, आणि मला तुमी दिसलात. चौकटीला टेकून उभ्या. मी पंधरा वर्षांची, समोर तुमच्या लेकाचं जेवून झालेलं ताट. त्यात चावून टाकलेल्या शेवग्याच्या शेंगांचे चोथे, त्यातच धुतलेल्या हाताचं पिवळं पाणी, भाकरीचा भिजलेला कोपरा, आणि सगळ्याला तंबाखूचा वास. मी ताट विसळायला उठले तर तुमी म्हणलात, "विसळायचं न्हाई. नवऱ्याच्या ताटात जेवलं की संसार गोड होतो. आमीबी तसंच जेवलो." मी भिंतीकडं तोंड करून घास गिळायची. श्वास बंद करून गिळलं की चव कळत नाही, हे मी तुमच्या घरात शिकले. माझी सून आली तेव्हा मी छाती काढून सांगितलं होतं, माझ्या घरात नवऱ्याच्या ताटात कोणी जेवणार नाही. गावात माझं नाव झालं. आणि अठरा वर्षं मी त्याच सुनेला सगळ्यांच्या मागून बसवलं, आणि पातेलं पुढं सरकवून म्हणत राहिले, "एवढं संपवून टाक, वाया जातंय." ताट तेवढं धुतलेलं होतं.

तर आता असं चाललंय. डबा म्हशीला जातो, ती लय खूश आहे. आणि संध्याकाळी सातला आमी सगळे एकत्रच जेवायला बसतो, मी आणि सून सुद्धा. पहिल्या दिवशी घरात भूकंप झाला. सून बसेचना, अर्धी उठलेली, अर्धी बसलेली. मी तिचा पदर धरून खाली ओढली. पोरानं इकडं तिकडं बघितलं आणि म्हणला, "पाणी कुठाय?"

"माठात. तुझ्या जन्माच्या आधीपास्नं तिथंच हाय."

तुमचा लेक घास हातात धरून म्हणला, "आई असती तर हे चाललं नसतं."

मी म्हणलं, "आई असत्या तर त्यांनाबी इथंच बसवलं असतं. जेवा गप."

आठ दिवस म्हातारा रुसून ओसरीवर एकटा जेवला. मग ओसरीवर भाकर गार मिळते म्हणून आत आला. तो अजून ताटातच हात धुतो. माझं लक्ष गेलं की घास फिरतो, म्हणून मी त्याच्याकडं पाठ करून बसते. तेवढं सोडलं तर गरम भाकर पहिल्यांदा खायलेय, आणि ती इतकी गोड लागते की एकीतच पोट भरतं. सुनेची साखर पुष्कळ उतरली, माझी थोडी. पाय वाचेल का हे डॉक्टरीण अजून सांगत नाही. पण परवा फाट्यापाशी सून एकदम "आई गं!" म्हणून खाली बसली. मी घाबरले. तिनं चप्पल काढली, आतून ज्वारीएवढा खडा निघाला. "आई, टोचला! मला टोचला!" आमी दोघी रस्त्यात बसून हसलो, शेजारी काय पडलंय ते सुद्धा बघितलं नाही. नंतर दोघींची लुगडी धुवायला टाकावी लागली.

ही पानं मी फाडून घेणार आहे. नात वाचायला लागलीय आणि पुढचं तिनं वाचू नये.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी एका दुपारी तुमी गोठ्यात गेलात, तेव्हा मी तुमच्या लेकाच्या ताटातलं खाल्लंच नाही. उरलेल्या भाकरीवर चूळ भरून थुंकली, ताट कोपऱ्यात सारलं आणि तुमाला हाक मारून सांगितलं, "जेवले." थोड्या वेळानं घागर घ्यायला आले तर तुमी चुलीकडं तोंड करून बसलेल्या. ते ताट तुमच्या मांडीवर होतं. भिजलेली भाकर मुठीत पिळून तुमी पाणी काढायलेलात, आणि खायलेलात. तुमाला वाटलं असेल, पोरीच्यानं सरलं नाही. मी दारातून बघितलं. आवाज दिला नाही. घागर न घेताच मागं फिरले, आणि मला वाटलं, बरं झालं.